मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलींना संशोधनाचा पुरावा वॉर्डात वापरायला कसं शिकवावं?

मीरा_ट्यूटर

नमस्कार मंडळी. इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत म्हणून थेट विचारते.

मी नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल शिकवते आणि रिसर्चचा पेपरही माझ्याच गळ्यात आहे. परीक्षेपुरतं पाहिलं तर मुली उत्तम आहेत. सॅम्पलिंगचे प्रकार पाठ, व्याख्या पाठ, पुराव्याचा पिरॅमिड (कोणत्या प्रकारचा पुरावा किती भक्कम याची उतरंड) तर डोळे मिटून काढतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही वेळेत होतो. तो कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे: अमुक विषयाबद्दल तमुक गटाचं ज्ञान किती, प्रश्नावली भरून घ्या, माहितीपत्रक वाटा, पुन्हा प्रश्नावली, ज्ञान वाढलं. मग काळं बाइंडिंग आणि लायब्ररीचं कपाट.

पण याच मुली वॉर्डात गेल्या की या सगळ्याचा आणि समोरच्या पेशंटचा काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नसतं. "हे असं का करतेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, इथे असंच करतात."

परवा एक प्रसंग घडला. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, अन्न देण्याची नळी) टाकल्यावर स्टाफ सिस्टरने सिरिंजने हवा सोडली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, फीड सुरू करा." माझ्या विद्यार्थिनीने वाचलं होतं की या आवाजावर विसंबता येत नाही. नळी अन्ननलिकेत किंवा फुप्फुसाच्या बाजूला गेली असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ती तिथेच, नातेवाईकांसमोर बोलली. सिस्टर म्हणाल्या, "पुस्तक वाचून पेशंट सांभाळायला आलीस का?" मुलीचं म्हणणं बरोबर होतं. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या बॅचने धडा घेतला तो असा: परीक्षेत एक लिहायचं, वॉर्डात दुसरं करायचं.

हे कसं मोडायचं? सुरुवात कुठून करू? वॉर्डातल्या सिस्टरांना शत्रू न करता हे शिकवता येतं का? आणि याला मार्क कसे द्यायचे? कारण मार्क नसतील तर कुणी ढुंकून बघणार नाही.

पांढरा_ॲप्रन

मीराताई, मीही बरीच वर्षं शिकवण्यात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिसर्च हा स्वतंत्र पेपर आहे, तिथेच गाडी अडते. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ अभ्यासांचा एक आढावा आला होता. तो पदव्युत्तर डॉक्टरांबद्दलचा होता, पण आपल्यालाही लागू पडावा. पुराव्याचं शिक्षण वर्गात वेगळं दिलं तर ज्ञान वाढतं, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणूक तिथल्या तिथेच राहतात. तेच शिक्षण रुग्णाच्या कामात गुंफून दिलं तर चारही सुधारतात. तुमच्या बॅचचं वर्णनच आहे हे.

मग गुंफायचं कुठे? नवीन काही काढू नका, केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, घ्या. त्यात 'रॅशनल'चा, म्हणजे कारणाचा, रकाना असतो आणि सगळा अभ्यासक्रम खरं तर त्या एका रकान्यात मावतो. मुली तिथे काय लिहितात? 'दर दोन तासांनी कूस बदलणे. रॅशनल: रक्ताभिसरण सुधारते.' गाइडमधून उतरवलेलं. त्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, दोनच तास का? तीन का नाहीत?

बहुतेकींना हा प्रश्न विचारता येतो हेच माहीत नसतं. दोन तास म्हणजे जणू निसर्गनियम! मग शोधायला लावा. २०१३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्याच्या गटांत टाकलं होतं. प्रेशर अल्सरच्या (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या) प्रमाणात फरक दिसला नाही. हे वाचलं की मुली खूश होतात, "म्हणजे चार तासांनी चालेल!" खरं शिकवणं इथून सुरू होतं. त्यांना विचारा, ती माणसं कोणत्या गादीवर झोपली होती? दाट फोमच्या, दाब विभागणाऱ्या गादीवर. आपला पेशंट कशावर झोपलाय? आयसीयूतला, बीपीची औषधं चालू असलेला पेशंट त्या अभ्यासात होता का? नव्हता. मग या पेशंटसाठी काय ठरवशील, ते लिही.

गादी दाबून बघायला लावा, अक्षरशः. हाताने दाबल्यावर खालची लोखंडी पट्टी लागली की चार तासांची चर्चा आपोआप संपते. पिरॅमिड शंभर वेळा काढून हे कळत नाही.

मार्कांचं म्हणाल तर प्रत्येक केअर प्लॅनमध्ये फक्त एकाच ओळीचं रॅशनल पुराव्यासह मागा. एकच! सगळ्या ओळींचं मागितलंत की पुन्हा कॉपी सुरू. त्या ओळीत चार गोष्टी बघा: प्रश्न नीट मांडला का, शोध कुठे आणि कसा घेतला, पुरावा किती भक्कम आहे याचा अंदाज, आणि या पेशंटला तो लागू आहे का. शेवटच्या मुद्द्याला निम्मे मार्क ठेवा. 'पुरावा मिळाला, पण इथे लागू नाही, कारण...' असं लिहिणारीला पूर्ण मार्क द्या, म्हणजे निष्कर्ष ओढूनताणून बसवण्याची सवय लागत नाही.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूची. वॉर्ड इनचार्ज.

पहिल्यांदा हे सांगते की त्या स्टाफ सिस्टरचं बोलणं चुकलंच. आणि हवा सोडून आवाज ऐकण्याबद्दल तुमच्या मुलीचं बरोबर आहे. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच सूचना काढून ती पद्धत वापरू नका म्हणून बजावलं होतं. निळा लिटमसही नको म्हटलं होतं, कारण तो पोटातलं आम्ल आणि फुप्फुसातला स्राव यांत नीट फरक दाखवत नाही. नळीतून स्राव ओढायचा, त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) पट्टीवर बघायचा, ५.५ किंवा त्याहून कमी आला तर ठीक. स्राव येत नसेल किंवा शंका असेल तर एक्स-रे.

पण आता वॉर्डातून बघा. पीएच पट्ट्या आहेत का? कित्येक वॉर्डांत इंडेंटवर (सामान मागवायच्या यादीवर) ती वस्तूच नसते. पेशंटला आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर पीएच वर जातो, मग एक्स-रे, म्हणजे डॉक्टरांची सही, पोर्टेबल मशीन, वाट बघणं. एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते तुम्ही जाणता. 'ही पद्धत चूक आहे' एवढंच सांगून मुलगी निघून गेली, तर त्या सिस्टरच्या हातात काय उरलं? जुनी पद्धत काढून घेतली, नवी दिली नाही.

म्हणून मुलींना सांगा की पुरावा घेऊन येताना सोबत तो पाळायला काय लागतं तेही घेऊन या. पट्टी कुठून मागवायची, चार्टवर पीएच कुठे लिहायचा, नळीवरची खूण प्रत्येक फीडआधी कोण बघणार. आणि हो, नातेवाईकांसमोर बोलायचं नाही. पेशंटला लगेच धोका असेल तर मात्र थांबायचं नाही. "सिस्टर, फीड देण्याआधी एकदा पीएच बघूया का?" एवढं म्हटलं तरी काम होतं आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

अजून एक, कॅन्युलाचं, म्हणजे औषध-सलाईनसाठी शिरेत ठेवतात त्या बारीक नळीचं. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थिनी येऊन सांगते की ७२ ते ९६ तासांनी सरसकट कॅन्युला बदलायची गरज नाही. तिच्याकडे भक्कम कागद असतो. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ऑस्ट्रेलियातली चाचणी, ३२८३ प्रौढ रुग्ण. ठरलेल्या वेळी बदलणाऱ्या आणि गरज पडली तरच बदलणाऱ्या दोन्ही गटांत शिरेला सूज ७ टक्क्यांनाच आली. मान्य. पण मी तिला दुसरा कागद देते. जिनिव्हाच्या रुग्णालयांनी 'गरज पडली तरच' हे धोरण घेतल्यावर कॅन्युलामुळे होणारे रक्तातले जंतुसंसर्ग वाढले, आणि जुन्या पद्धतीवर परत आल्यावर कमी झाले. चार लाखांहून जास्त कॅन्युलांची नोंद होती, २०२१ मध्ये छापून आलं. ती रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी नव्हती, बरं का.

आता सांग बाई, आपण काय करायचं? ज्या मुली "मॅडम, आधी जागा प्रत्येक शिफ्टला कोण बघतं ते बघूया" म्हणतात, त्यांना मी नंतर स्टाफ म्हणून घ्यायला तयार असते.

तिसरं_वर्ष

मी स्वतः विद्यार्थिनी आहे, बोलले तर चालेल ना?

आम्हाला प्रश्न पडत नाहीत असं नाही. पडतात, पण शोधायला बसलं की शेकडो निकाल येतात, निम्म्यांना पैसे मागतात आणि जे उघडतं त्यातली आकडेमोड डोक्यावरून जाते. मग आम्ही सारांश वाचतो, शेवटचं वाक्य उचलतो आणि लिहून मोकळ्या होतो. खरं सांगते, सगळ्या असंच करतात.

पांढरा_ॲप्रन

बोललीस ते फार बरं केलंस. तुझी अडचण अर्धी शोधायच्या पद्धतीची आहे. 'कॅन्युला इन्फेक्शन' असं टाकून शोधलंस तर शेकडो निकाल येणारच. आधी प्रश्नाचे चार तुकडे कर, तुमच्या पुस्तकात 'पिको' म्हणून असतं ते. पेशंट कोण, काय करायचं, त्याऐवजी काय, आणि फरक कशात मोजायचा. चौथा तुकडा मुली नेहमी विसरतात. तू 'सूज' मोजतेस की 'रक्तातला संसर्ग', यावर रात्रपाळींच्या दोन कागदांमधलं भांडण बरंचसं उलगडतं. पहिल्या चाचणीत मुख्य मोजमाप सुजेचं होतं. रक्तातला संसर्ग इतका विरळ की तो पकडायला फार मोठी संख्या लागते.

सुरुवात सुट्या पेपरपासून करू नकोस. आधी कॉक्रेन या संस्थेचे आढावे बघ, त्यात एका प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासलेले असतात. त्यांना सोप्या भाषेतला गोषवारा असतो आणि तो फुकट वाचता येतो. मग पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर), तिथे पूर्ण मजकूर मोफत असलेले पेपर वेगळे गाळता येतात.

आकड्यांना घाबरू नकोस. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखायचा आकडा) बाजूला ठेव आणि फक्त हा प्रश्न विचार: या गटात शंभरातल्या किती जणांना झालं, त्या गटात किती? हे दोन आकडे सापडले की बहुतेक पेपर माणसाळतो. सापडत नसतील तर पेपर लिहिणाऱ्याने लपवलेत का ते बघ.

मीरा_ट्यूटर

सगळ्यांचे खूप आभार. रात्रपाळी, तुमचं वाचून थोडा वेळ गप्पच बसले होते. 'पाळायला काय लागतं तेही घेऊन या' हे मी मूल्यमापनात स्वतंत्र मुद्दा म्हणून घालतेय.

एक शंका उरते. पुरावा, नर्सचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा अशा तीन पायांवर पुराव्यावर आधारित काम उभं आहे, असं आपण १९९६ पासूनची व्याख्या सांगून शिकवतो. पहिल्या दोन पायांवर इथे भरपूर बोललो. तिसरा वॉर्डात कसा शिकवता?

रात्रपाळी

तो सगळ्यात सोपा, कारण पेशंट बोलतो. आमच्याकडे एक आजी होत्या, शिरा अगदी सुतासारख्या. कॅन्युला चौथ्या दिवसात, जागा स्वच्छ, लाली नाही, दुखत नाही. नियमाप्रमाणे बदलायची वेळ झाली होती. आजी म्हणाल्या, "आता टोचू नकोस गं, हातात जागाच उरली नाही." विद्यार्थिनीला म्हटलं, ठरव. तिने जागा बघितली, दाबून पाहिली, सलाईन सोडून पाहिलं, ताप बघितला, अँटिबायोटिक किती दिवस राहिलंय ते बघितलं. मग डॉक्टरांना विचारलं, हे तोंडाने देता येईल का? देता येत होतं. कॅन्युला बदललीच नाही, काढून टाकली.

दोन्ही कागदांत हा पर्याय नव्हता. आजींनी टोचू नको म्हटलं म्हणून तो सुचला.

तुमची पुढची बॅच माझ्या वॉर्डात असती तर एवढंच मागितलं असतं, की आल्या आल्या मला काही सुनावू नका. पहिला आठवडा प्रत्येक शिफ्टला सगळ्या कॅन्युलांच्या जागा बघून चार्टवर गुण लिहा. आठवड्याने तो चार्ट आणि तुमचा पेपर दोन्ही घेऊन बसू. आपल्याच वॉर्डाचे आकडे समोर असले की माझा स्टाफसुद्धा ऐकून घेतो.

मीरा_ट्यूटर

हे आमच्या इनचार्ज सिस्टरांशी आजच बोलते. चार्टचा नमुना असेल तर इथे टाकाल का? आणि गुण देताना लाली आणि दुखणं वेगवेगळं मोजता की एकत्र?

रात्रपाळी

एकाच मापात, पण पायरीपायरीने. काही नसेल तर शून्य, कॅन्युला राहू दे. टोचलेल्या जागी थोडं दुखणं किंवा थोडी लाली, यांपैकी एकच काही असेल तर एक, नजर ठेवायची. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन दिसले की दोन, काढायची. त्याच्या वर गेलं तर काढायची आणि डॉक्टरांना कळवायचं. नमुना उद्या ड्युटीवरून आले की टाकते.