मदत हवी आहे : आई सांजेला घर सोडून निघते, मी पुण्यात

गोदाकाठ : लवकर सांगा कुणीतरी. आई सेलूला, मी पुण्यात. दिवस मावळला की फडक्यात भाकरी बांधून "मंठ्याला जायचंय, माय वाट बघायली" म्हणत निघते. आजी जाऊन तीस वर्षं झाली. परवा स्टँडवर सापडली, कंडक्टर ओळखीचा होता म्हणून. शेजारच्या काकू किती पुरणार? बाहेरून कुलूप लावू का? कॅमेरा कोणता घेऊ?

जिंतूरकर : वय? निदान कुणी केलं? गोळ्या कोणत्या? रात्री सोबत कोण?

बालाघाट : कुलूप अजिबात नको. आमच्या अण्णांना कोंडलं तर दार बडवून हात सुजवून घ्यायचे. आत पडल्या, गॅस चालू राहिला तर?

मुळा_मुठा : सरळ पुण्याला आणा. आईला एकटं ठेवायचंच कशाला?

बालाघाट : आणलं होतं आम्ही. अण्णांना संडास सापडेना, रात्री तीनदा उठून "हे कुणाचं घर?" महिन्याभरात गावी परत. ओळखीचं अंगण तोडू नका.

मुळा_मुठा : तुमचं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच होतं का?

तुळजाई : ब्राह्मी घृत द्या, माझ्या सासूबाईंना गुण आला.

निवृत्त_गुरुजी : पेन्शन आहे का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

गोदाकाठ : पेन्शन नाही हो. वय ७४. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी २ वर्षांपूर्वी अल्झायमर सांगितला, त्यावरची डोनेपेझिल गोळी चालू. रात्री काकू सोबत झोपतात. पण हे निघून जाणं आठ दिवसांतलंच.

जिंतूरकर : हे आधी सांगायचं ना! अल्झायमर आठवड्यात एवढा वाढत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, काहीतरी असणार. काकूंना आत्ता विचारा.

गोदाकाठ : विचारलं. सर्दीसाठी मेडिकलवाल्याने गोळी दिली, "झोपही चांगली लागेल" म्हणून. पाकिटाचा फोटो मागवला. क्लोरफेनिरामाइन आहे.

जिंतूरकर : मला हीच शंका होती. या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या डोनेपेझिलच्या नेमक्या उलट काम करतात, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतात. फोटो आजच डॉक्टरांना पाठवा. लघवी तरीही तपासा.

बालाघाट : आणि अडवू नका. "चहा घेऊन निघू" म्हणत अंगणात फेरी मारायची. दिवे अंधार पडायच्या आधी लावा. पिशवीत तुमचा नंबर शिवून टाका, स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर फोटो देऊन ठेवा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

गोदाकाठ : डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, लघवी उद्या सकाळी. सांजेला मीच फोन लावून मंठ्याचं विचारलं. मामाच्या बैलांची नावं सांगत ओट्यावर बसून राहिली. शनिवारी निघतोय. कॅमेऱ्याचं राहिलंच, घरी वायफाय नाही. सिमवर चालणारा कुणी वापरलाय का?