मदत हवी आहे: मायच्या मणक्याच्या ऑपरेशनला कोटिंगवाली केज घ्यावी की साधी?

बांधावरून

नमस्कार मंडळी, वणी तालुक्यातून लिहितोय. माय एकसष्ट वर्षांची. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय, नस दबली आहे. थोडं चाललं की डावा पाय भरून येतो, मग वावरात जिथे असेल तिथे बसते. गोळ्या, पट्टा, व्यायाम सगळं झालं. शेजारच्या गावातल्या एकाने कंबर 'बसवून' दिली, तेही झालं (माझा विरोध होता, पण घरात माझं ऐकतं कोण). आता नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरतंय. स्क्रू-रॉड टाकून दोन मणके कायमचे जोडायचे आणि मधली गादी काढून तिथे केज, म्हणजे एक पोकळ ठोकळा, बसवायची.

गाडी अडली ती या केजपाशी. डॉक्टर घाईत होते. बाहेर एका पोराने कॅटलॉग उघडला. तो दवाखान्याचा की कंपनीचा, अजून कळलं नाही. एक केज साधी, पीक नावाच्या प्लास्टिकची. दुसरी तीच, पण वरून टायटॅनियमचा थर. तिसरी 'बायोॲक्टिव्ह', हायड्रॉक्सीॲपेटाइटवाली. "भाऊ, हिला हाड डायरेक्ट पकडते," म्हणाला. साधीपेक्षा पंचेचाळीस हजार जास्त. स्क्रूही तसलेच हवे असतील तर आणखी वेगळे. साडेसात हजारांचा भाव धरला तरी हा सहा क्विंटल कापूस झाला.

हाड खरंच पकडतं का, की नुसती विकायची भाषा? आणि पुढच्या वेचणीला ती उभी राहू शकेल का? तिला वावर सोडवत नाही.

सावजी रस्सा

भौ, सगळ्यात आधी तो पोरगा कोणाचा ते विचार. दुसरं, महात्मा फुले योजनेत पाहिलं का? आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे बस आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का ते विचार. सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी एका ठिकाणी एमआरआय दाखवून दुसरं मत घे. पंचेचाळीस हजारांच्या आधी तेवढी एसटी परवडते.

आणि मावशींना तंबाखू, खर्रा काही?

बांधावरून

खर्रा आहे. वेचणीला जाताना पन्नी ओटीत असतेच, कापसाच्या आधी. पण त्याचा इथे काय संबंध?

धातुशास्त्री

संबंध आहे, आणि केजपेक्षा मोठा. मी डॉक्टर नाही. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

तो पोरगा खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. हाडाच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट त्याच जातीचं. ते इम्प्लांटवर चढवलं की वरचा पापुद्रा शरीरातल्या द्रवात किंचित विरघळतो, त्यावर हाडातल्यासारखाच नवा थर जमतो, प्रथिनं चिकटतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी तिथे ठाण मांडतात. कृत्रिम खुब्यांवर हे कोटिंग 1980च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे, त्यामुळे कालपरवाची टूम म्हणून झटकू नका. त्याच्याही आधी, 1969 मध्ये, अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला धरणारी काच तयार केली होती.

पीकचं गणित वेगळं. त्याचा ताठरपणा हाडाच्या बराच जवळ, टायटॅनियम त्यापेक्षा कितीतरी कडक. एक्स-रेत पीक दिसत नाही, त्यामुळे मधून हाड भरलं का ते डॉक्टरांना बघता येतं. पण पेशी त्याला धरत नाहीत. हाड आणि केज यांच्यामध्ये बरेचदा मऊ तंतूंचा पदर राहतो. गुळगुळीत कॉलमला टाचे मारल्याशिवाय गिलावा धरतो का? टायटॅनियमचा खडबडीत थर ते टाचे मारण्याचं काम करतो. हायड्रॉक्सीॲपेटाइट त्याशिवाय रासायनिक पकडही देतं.

आता न सांगितलेलं अर्धं. हे कोटिंग बहुधा प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, झोतातून उडवतात, झोताचं तापमान हजारो अंश, आणि पीक 343 अंश सेल्सियसला वितळतं. म्हणजे त्यावर थर चढवणं जिकिरीचं. काही कंपन्या थर न देता पावडर पीकमध्येच कालवतात. तुम्हाला दाखवलेल्या केजमध्ये यातलं काय आहे ते विचारा. थर असेल तर केज दोन मणक्यांत ठोकून बसवताना तो खरवडण्याची धास्ती असते. टायटॅनियमचा थर आणि साधं पीक यांची तुलना झाली आहे. जुळणी लवकर दिसल्याचं काही अभ्यास सांगतात, पण पेशंटच्या दुखण्यात आणि चालण्यात ठळक फरक निघालेला नाही.

कारण मणके जुळतात ते मुख्यतः केजच्या पोकळीतून आणि आजूबाजूने. ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड बारीक करून तोच चुरा तिथे भरतात. त्याला रक्त मिळालं पाहिजे. खर्ऱ्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि नवं हाड तयार होऊ देत नाही. धूर नाही म्हणून ते रक्तात जात नाही असं नाही. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून आणि नंतरचे महिने खर्रा बंद. हे जमलं नाही तर महागातली महाग केजही सैल राहू शकते.

एकसष्टाव्या वर्षी बाईमाणसाचं हाड ठिसूळ असण्याची शक्यता बरीच. डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजतात तो), व्हिटॅमिन डी आणि साखर तपासली का? हाड पोकळ निघालं तर केज मणक्यात रुतू शकते, तिथे कोटिंगचा उपयोग नाही. उलट अशा हाडात कोटिंगवाल्या स्क्रूचा विचार करण्यात अर्थ आहे. त्यांची पकड घट्ट होते, ते उलटे फिरवून काढायला जास्त जोर लागतो असं मोजून दिसलं आहे. तोटाही तोच: जंतुसंसर्ग झाला आणि स्क्रू काढायची वेळ आली तर सर्जनचा घाम निघतो.

मी असतो तर आधी डेक्सा केला असता आणि केजचं नंतर बघितलं असतं.

बांधावरून

डेक्सा कोणी सांगितलाच नाही. उद्या फोन करतो. वेचणीचं काय?

धातुशास्त्री

हाड जुळायला साधारण सहा महिने ते वर्ष. चालणं लवकर सुरू करतात, पण वाकणं, पिळणं आणि ओझं डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत नाही. कापसाची भरलेली ओटी कमरेलाच लटकते हे डॉक्टरांना सांगा, त्यांच्या डोळ्यांसमोर ते येणार नाही.

सावजी रस्सा

या हंगामाला मावशींना घरी बसव आणि मजूर लाव. आणि केज कोणतीही घे, पाकिटावरचं स्टिकर, बॅच नंबरवालं, फाइलला चिकटवून माग आणि बिलावर तोच नंबर आहे का तपास. पुढे एमआरआय काढायची वेळ आली की आत काय बसवलंय हेच पहिलं विचारतात.

बांधावरून

मायला खर्ऱ्याचं वाचून दाखवलं. म्हणते, डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय सोडणार नाही. कोणाच्या घरी हे सुटलं असेल तर कसं सोडवलं ते लिहा, धागा उघडाच ठेवतो.