सिकलसेलचं जीन काढून टाकायचं म्हणतात, मग मलेरियाचं काय? आणि लग्नाचं?

वैनगंगा:
मंडळी प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या. आमच्या गावात (चंद्रपूर जिल्हा) सिकलसेलची तपासणी झाली त्यात बहिणीचा पॅटर्न एएस निघाला, म्हणजे वाहक. तिला त्रास काहीच नाही पण आता तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे आणि मावशी म्हणते रिपोर्ट कोणाला दाखवूच नका. इकडे पेपरात येतं की क्रिस्परने (जीन कापून बदलायचं तंत्र) हा आजार कायमचा बरा होतो, सरकार म्हणतं २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा, आणि एका व्हिडिओत बघितलं की हेच जीन मलेरियापासून वाचवतं म्हणून टिकून राहिलं. मग हे जीन चांगलं की वाईट? सगळ्यांचंच एडिट करून टाकलं तर बरोबर होईल का? आणि बहिणीचं आत्ता काय करायचं?

अर्धवट_बायोटेक:
चांगलं की वाईट हे एक प्रत आहे की दोन यावर आहे. बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं असतं. आईबाप दोघांकडून ते आलं (एसएस) तर ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग ते जीव काढणारं दुखणं. एकाच बाजूने आलं (एएस) तर माणूस ठणठणीत, वर फाल्सिपेरम मलेरियाचा जीवघेणा प्रकार त्याला बराच कमी होतो. अँथनी अ‍ॅलिसनने पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ मध्ये हे मांडलं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया तिथे हे जीन, आफ्रिका, अरबस्तान आणि आपल्याकडे विदर्भ, सातपुडा. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळलंय. तेव्हा ‘रक्तात दोष’ वगैरे जे गावात बोलतात ना ते डोक्यातून काढा, त्याच रक्ताने पूर्वजांची लेकरं तापातून वाचवली.

आता क्रिस्पर. कॅसजेव्ही नावाची थेरपी ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. आणि गंमत अशी की ते बिघडलेलं अक्षर ती दुरुस्त करतच नाही! गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जीन ते बंद करतं. थेरपीत पेशंटच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढून त्या जीनचा रक्तातला स्विच कापतात, गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं आणि पेशी वाकायच्या थांबतात. (भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून काहींना त्रास सौम्य असतो. विदर्भात मात्र गंभीर केसेसही भरपूर दिसतात.) हा बदल फक्त रक्ताच्या पेशींत होतो, त्यामुळे मुलांकडे जीन जसंच्या तसं जातं. म्हणजे मलेरियाची ढाल समाजातून जाईल ही भीती या थेरपीत नाहीच. त्यासाठी भ्रूण एडिट करावे लागतील, आणि २०१८ मध्ये चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने ते केलं तर जगभर बोंब झाली आणि त्याला तीन वर्षं जेल झाली.

तिरकस:
किंमत सांगायची राहिली की. २२ लाख डॉलर एका पेशंटला, करा हिशोब. शिवाय आधी बुसल्फान नावाची केमो देऊन जुनी बोनमॅरो मारतात, त्यात मूल न होण्याची रिस्क असते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत धड रक्त मिळत नाही तिथे ही थेरपी कोण देणार? आपल्याकडे आयजीआयबी या दिल्लीतल्या सरकारी जीन-संशोधन संस्थेने स्वस्तातली क्रिस्पर थेरपी बनवायला घेतलीय, बिरसा १०१ नाव दिलंय. नाव बिरसाचं आहे, बिरसाच्या लोकांपर्यंत पोचते का ते बघू.

पीएचसीवाली:
थेरपी येईल तेव्हा येईल, हायड्रॉक्सीयुरिया आजही आहे, गोळी स्वस्त आहे आणि नियमित घेतली तर दुखण्याचे अटॅक खूप कमी होतात. पण अर्धे पेशंट बरं वाटलं की बंद करतात न बाप्पा.

आता दादा तुमच्या बहिणीचं. एएस म्हणजे आजार नाही, हे आधी मावशीले सांगा. धोका दोघंही एएस असले तरच. तसं असलं तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची, आणि हे ‘दर वेळी’ आहे, पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढचे तीन सुटले असं नसते. पोरगा एए (म्हणजे सिकलचं जीन नसलेला) असला तर एसएस बाळ होतच नाही, फार तर वाहक होईल. मग लपवायचं काहून? आमच्याकडे पोरींचे रिपोर्ट मागतात, पोराची सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची साधी पहिली तपासणी) करा म्हटलं की घरच्यांचा इगो दुखावतो. मोडलेली लग्नं पाहिली आहेत मी, बहुतेक वेळा नाव पोरीवरच येते.

झाडीपट्टी:
माझं मत, लग्नाआधी दोघांची टेस्ट कायद्याने सक्तीची करा, विषय संपला.

पीएचसीवाली:
सक्ती केली तर लोक रिपोर्ट विकत आणतील. अन् जिथे तीनात एक जण वाहक आहे तिथे पोरीनं लग्न कोणाशी करायचं? दोघंही एएस असून लग्न केलं तरी गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांत बाळाची तपासणी होते, पुढे काय करायचं ते त्या बाईनं ठरवायचं, सासूनं नाही.

अर्धवट_बायोटेक:
आणि ‘सिकलसेल संपवायचा’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. एसएस असलेली माणसं आज शिकतायत, नोकऱ्या करतायत, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात त्यांचा समावेश आहे. त्यांच्यासमोर तुम्ही म्हणता तुमच्यासारखे जन्मूच नयेत. त्यांना कुणी विचारलं का?

तिरकस:
विचारलं तर म्हणतील आधी दवाखान्यात वेळेवर रक्त द्या.

वैनगंगा:
सगळ्यांचे आभार. उद्या एक मुलगा बघायला येतोय, त्याच्या घरी टेस्टचा विषय मी स्वतःच काढणार. ताई, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली तर त्याच्यावरून एएस का एसएस कळतं का?

पीएचसीवाली:
नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी करावं लागते, त्यात रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दिसतात. जिल्हा रुग्णालयात विचारा, अन् रिपोर्ट लेखी घ्या.