मदत हवी आहे: पक्षीफेरीला माणसं वाढली आणि तलावावरची पाखरं उडाली

पाळीवरची_बाई

नमस्कार मंडळी,

मी साकोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तालुक्याच्या गावी आमचं एक लहानसं निसर्गमंडळ आहे. गेल्या पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरच्या आठवड्यात, दर महिन्याला एका रविवारी पक्षीफेरी काढायची असं ठरलं. पहिल्या फेरीला आम्ही ९ जण होतो, डिसेंबरात १६. या जानेवारीत ४३ माणसं आली.

गेलो होतो एका मामा तलावावर. पश्चिम विदर्भातल्या वाचकांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाच्या ओलितासाठी जुन्या काळी बांधलेले हे तलाव. आमच्या भागातले कितीतरी तलाव कोहळी लोकांच्या हातचे. या तलावाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याबद्दल माफ करा.

हिवाळ्यात तिथे पट्टकदंब येतात. लडाख, तिबेट, मंगोलियाकडे वीण करून, हिमालय ओलांडून उतरणारा हा हंस. पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. चार हिवाळे मी त्यांना बघते आहे. रात्री ते आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, चरतात, उजाडताना रांगेने तलावावर परततात आणि मग ऊन चढेपर्यंत मान पाठीवर टाकून पाण्यात झोपतात. तो परतायचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीवर, एकटीच होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. वर्गातल्या मुलांनाही हे बघायला मिळावं म्हणूनच मी या मंडळात शिरले.

त्या रविवारी काय झालं ते सांगते. सातवीची ११ मुलं, त्यांचे काही पालक, मंडळातले नेहमीचे लोक आणि व्हॉट्सॲपवर वाचून आलेले फोटोवाले. सगळे एका रांगेत पाळीवर चढले. कुणी लाल स्वेटर घातलेला, कुणी मोठ्याने हाक मारतोय. १०० पावलंही झाली नसतील, कदंबांनी माना वर केल्या. एकाने आवाज दिला आणि सगळा थवा उठला. तलावावर दोन घिरट्या घातल्या आणि दक्षिणेकडे निघून गेला. आम्ही साडेनऊपर्यंत थांबलो, परत आला नाही. मुलांना त्यांच्या पाठीच दिसल्या.

त्याच गडबडीत काठावर वाळत घातलेल्या एका जाळ्यावर आमच्यातल्या कुणाचा तरी पाय पडला आणि जाळं फाटलं. तिथले ढिवर या मच्छीमार समाजातले एक म्हातारे बाबा शांतपणे म्हणाले, “पाखरं पायाले या जी, मनाई नाही. पन आमाले एक शब्द तं सांगाचा होता.” मला खाली बघावं लागलं.

संध्याकाळी कुणीतरी तलावाच्या नावासकट, नकाशासकट फोटो टाकला. पुढच्या दोन दिवसांत तिथे बाहेरच्या गाड्या येऊन गेल्या.

आता फेब्रुवारीची फेरी जवळ आली आहे. मार्चपर्यंत कदंब परत जातील, म्हणजे या मुलांना ही एकच संधी. मंडळात दोन तट पडलेत. काही म्हणतात फेरीच बंद करा, काही म्हणतात दुसरा तलाव धरा. मला दोन्ही पटत नाही. पाखरांना त्रास न देता, गावाला न दुखावता एवढ्या लोकांना कसं न्यायचं? किती माणसं, किती अंतर, कोणत्या बाजूने? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

बोडीकाठचा_गडी

ताई, मी अर्जुनी मोरगावकडचा. नवेगावबांधच्या परिसरात लहानाचा मोठा झालो, मारुती चितमपल्ली साहेब तिथे वनाधिकारी होते त्यांच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत. आधी एक विचारतो. तुमची पाळ कोणत्या दिशेला आहे?

---

पाळीवरची_बाई

पूर्वेला, भाऊ. म्हणूनच तिथून बघतो, सूर्य पाठीशी राहतो आणि रंग स्पष्ट दिसतात.

---

बोडीकाठचा_गडी

तेच वाटलं होतं. तुमच्या डोळ्यांसाठी ती बाजू बरोबर आहे, चूक झाली ती पाळीच्या माथ्यावरून चालण्यात. तुम्ही पाण्यातल्या कदंबाच्या जागी बसून पाहा. पूर्वेचं आभाळ उजळलेलं आणि त्यावर ४३ काळ्या आकृत्या हलताहेत. तो उडणारच.

पाळीच्या बाहेरच्या अंगाने, खालून पाटाच्या कडेने चाला. तिथून पाण्यातल्या पाखराला माणूस दिसतच नाही. बेशरमची झुडपं किंवा पळस असेल अशी एकच जागा आदल्या दिवशी हेरून ठेवा. तिथे पाच-पाच जणांनी हळू वर यायचं, माथ्याच्या वर फक्त डोकं येईल एवढंच, आणि बसायचं. उभं राहायचं नाही. जागेवर उजाडायच्या आधी पोचा. थवा चरून परत येतो तेव्हा तुम्ही आधीच बसलेले असलात तर कदंब स्वतःच ठरवतात तुमच्यापासून किती लांब उतरायचं, आणि ते अंतर तुमच्या अंदाजापेक्षा बरोबर असतं.

मीटरमध्ये आकडा मी देणार नाही. पाखराकडे बघा. झोपलेल्यांनी माना काढल्या की थांबा. माना ताठ होऊन सगळे एका दिशेला पोहू लागले की मागे सरा. आवाज सुरू झाला म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झाला आहे. हे वाचायला मुलांना शिकवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. आणि उडवलेल्या थव्याला फुकट उडावं लागतं हे त्यांना सांगाच. मार्चमध्ये हिमालय ओलांडायचा तर अंगात चरबी लागते, ती याच दिवसांत जमते.

---

माळावरची_टिटवी

मी वाशीम जिल्ह्यातली, आमच्याकडे तलावापेक्षा माळरानाच्या फेऱ्या जास्त. उन्हाळ्यात टिटवी, धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांत खडा दिसावा अशी. त्यामुळे आम्ही आडवे पसरून चालतच नाही, एकामागे एक, बैलगाडीच्या चाकोरीतून.

संख्या कमी करा असं सगळे सांगतील, माझं मत थोडं वेगळं आहे. कमी करताना शेवटी कोण गळतं? गावातली पोरं आणि बाया. दुर्बीणवाले राहतातच. आम्ही २० ची मर्यादा घातली तेव्हा दुसऱ्याच महिन्यात फेरीत एकही गावातला माणूस नव्हता. मग गट पाडले. एक गट पाण्यावर, दुसरा गावाजवळच्या झाडीत. झाडीत हळद्या, तांबट, सुतार, कोतवाल, आपला राज्यपक्षी हरियाल, कितीतरी बघण्यासारखं असतं आणि बोललं तरी फार बिघडत नाही. तासाभराने अदलाबदल. मुलांचा गट आधी पाण्यावर पाठवा, फोटोवाले शेवटी. यावर आमच्यात भांडणं झाली, पण आम्ही मागे हटलो नाही.

---

संत्र्याची_बाग

परवानगी कुणाची घेतली होती? तलाव जिल्हा परिषदेचा असो की पाटबंधारे खात्याचा, मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो. वनहद्दीत असेल तर वनखातं. आधी ते बघा.

---

पाळीवरची_बाई

परवानगी कुणाचीच नव्हती. खरं तेच सांगते.

तुमच्या सगळ्यांचं वाचून काल शाळा सुटल्यावर त्या बाबांकडे गेले. जाळ्याचे पैसे घेऊन गेले होते, त्यांनी घेतले नाहीत. सूत मात्र आणून द्या म्हणाले. तासभर बसले त्यांच्याजवळ. त्यांनी सांगितलं की कदंब डोंग्याला, म्हणजे मासेमारीच्या होडीला, भीत नाहीत, कारण डोंगा रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जातो. काठावरून नवं काही हललं की मात्र घाबरतात. थवा आता परत आला आहे, पण पाळीपासून दूर, शिंगाड्याच्या बाजूला बसतो. पहाटे कुठून येतो, कोणाच्या लाखोरीत उतरतो, हे सगळं त्यांना ठाऊक. लाखोरीवाले शेतकरी त्यामुळे कावलेले असतात हेही त्यांच्याचकडून कळलं. चार हिवाळ्यांत मी हे कुणाला विचारलंच नव्हतं.

सोसायटीच्या अध्यक्षांशी ते बोलणार आहेत. फेरीच्या दिवशी पुढे चालायला याल का, असं मी त्यांना विचारलं. “येतो, पन पोट्टे चूप रायले पायजे,” म्हणाले.

---

बोडीकाठचा_गडी

ताई, हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे सारसाचंही असंच आहे. धानाच्या बांधीत ऐन पावसाळ्यात घरटं होतं, अंडी बहुतेक दोन, आणि महिनाभर उबवणं. तेवढ्या जागेतला धान त्या शेतकऱ्याचा जातो. ज्या शेतकऱ्याशी आधी बोललो त्याने घरटं राखलं. ज्याला न विचारता लोक बांधीत उतरले, तिथे पुढच्या वर्षी जोडी बसलीच नाही.

फोटोंबद्दल एक. पाखरं असेपर्यंत जागा टाकायची नाही, फक्त तालुका लिहायचा. फोन फोटोतच ठिकाण नोंदवतो, ते आधी बंद करायला लावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरत असाल तर ती लोकांपासून लपवून ठेवायची सोय आहे, कदंब गेल्यावर उघडी करा. नोंद मात्र चुकवू नका. ड्रोन कुणी आणला तर त्याला तिथूनच परत पाठवा, पाखरांना तो डोक्यावरची घारच वाटतो.

---

माळावरची_टिटवी

दुर्बिणी किती आहेत?

---

पाळीवरची_बाई

तीनच. दोन ८ बाय ४२ च्या, एक जुनी १० बाय ५०, जी मुलांच्या हातात स्थिर राहत नाही. गेल्या वेळी अर्ध्या मुलांना दोन काळी वर्तुळंच दिसत होती.

---

माळावरची_टिटवी

म्हणजे दोन नळ्यांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांएवढं जुळवलं नव्हतं. आदल्या दिवशी शाळेतच शिकवा. आधी दुर्बीण मिटवून मुलाच्या डोळ्यांवर बसवायची, मग एकच गोल दिसेपर्यंत उघडायची. त्यानंतर डावा डोळा मधल्या चाकाने आणि उजवा त्याच्या स्वतःच्या कड्याने जुळवायचा. मैदानापलीकडच्या फलकावरची अक्षरं वाचायला लावा. पहाटेच्या अंधारात हे शिकवायला गेलात तर थवा येऊन बसेल आणि मुलं चाकच फिरवत राहतील. १० बाय ५० मोठ्या माणसाला द्या, कोपर गुडघ्यावर टेकवून.

पण एवढ्या मुलांसाठी खरी सोय म्हणजे तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. एकदा रोखून ठेवला की एकेकाने येऊन बघायचं, कुणालाच पुढे सरकावं लागत नाही.

---

पाळीवरची_बाई

तो आमच्याकडे नाही. ठरलेलं असं: झाडीतला आणि पाण्याचा असे दोन गट, पाण्यावर आधी मुलं, पाच-पाच जणांनी. पाळीच्या खालून, बाबा पुढे. मातकट किंवा हिरवे कपडे. पोचायचं साडेपाचला. फोटोवाल्यांना मी स्वतः फोन करणार आहे. साकोली, लाखनी, अर्जुनीकडे कुणाजवळ स्कोप असेल तर त्या एका सकाळपुरता मिळेल का? जपून वापरू.

---

बोडीकाठचा_गडी

माझ्याजवळ आहे. शनिवारी रात्रीच साकोलीला मुक्कामी येतो. तिकाटण्याचा एक पाय ढिला झालाय, बांधायला सुतळी लागेल.

---

पाळीवरची_बाई

सुतळी घेऊन ठेवते, भाऊ. बाबांचं सूतही शनिवारच्या बाजारातून त्याच वेळी आणते.