उत्तर: उत्तर: बाल्टिमोरची गाडी, नावं आजच कळवा

मंडळी,
कृष्णवर्णीय माणसांची चित्रं काढणाऱ्या अमेरिकन चित्रकार एमी शेरल्डचं बाल्टिमोरचं प्रदर्शन ५ एप्रिल २०२६ला संपतंय. व्हॅनमध्ये १४ जागा, नावं २१. तिच्या वॉशिंग्टनच्या प्रदर्शनाच्या, सप्टेंबरमधल्या रद्द झालेल्या सहलीसाठी ज्यांनी पैसे भरले होते, त्यांना आधी घेऊ.
– चिटणीस

'आधी घेऊ' कुठल्या बैठकीत ठरलं? ते पैसे परत केलेत, वहीत नोंद आहे. आणि वॉशिंग्टन मंडळानं बुडवलं नाही. ट्रान्स व्यक्ती स्वातंत्र्यदेवीच्या रूपात दाखवलेल्या चित्रावरून तिथे घोळ झाला, म्हणून २०२५च्या जुलैत शेरल्डबाईंनीच प्रदर्शन काढून घेतलं. बोलणी मात्र मी खातोय.
– खजिनदार

मुलांना नेणार असाल तर आधी समजावून न्या. मिशेल ओबामांचं चित्र बघून नात म्हणाली, "आजी, हिचे हात राखेसारखे का?" मी आपलं सांगितलं, रंग संपला असेल!
– काकू

काकू, संपला कसला! काळ्या रंगात नेपल्स यलो, म्हणजे फिकट पिवळा, मिसळून शेरल्ड कातडीचा रंग मुद्दाम तसा करते. कपडे मात्र झगझगीत. कातडी बघून माणूस आधीच ठरवायचा, ती खोड मोडते. मुलांची कार्यशाळा दोन वर्षं मी घेतेय, सांगायचं ते मी सांगेन.
– चित्रकलावाली

राखाडी परवडला. माझ्या लग्नाच्या अल्बमात फोटोग्राफरनं मला इतकी उजळवली की सासूबाईंनी विचारलं, ही कोण? मान मात्र तशीच सावळी राहिली होती.
– वहिनी

शेरल्डनंच काढलेलं ब्रिओना टेलर या कृष्णवर्णीय तरुणीचं चित्र मी २०२१ला केंटकीतल्या लुईव्हिलच्या स्पीड म्युझियममध्ये पाहिलंय. पोलिसांनी घरात घुसून गोळ्या घातल्या तेव्हा पोरगी २६ वर्षांची. चित्रात निळा झगा, बोटात अंगठी. तिचा मित्र मागणी घालणार होता, ते राहूनच गेलं. मी त्या अंगठीपाशीच थांबलो. चित्राचे १० लाख डॉलर शेरल्डनं तिथल्या विद्यापीठात शिष्यवृत्त्यांना दिले.
– लुईव्हिलवाला

आणि आपल्याकडे दिवाळी अंकाच्या ४० डॉलरचा हिशेब अजून लागत नाही!
– काकू

तो लागलाय. वही आणतो.
– खजिनदार

अहो, सात माणसं अजून उभीच आहेत. गाडी कोण काढतंय?
– चिटणीस

माझ्या गाडीत तीन बसतील. पण मी मध्ये चहाला थांबते, कुरकुर चालणार नाही.
– वहिनी