चर्चा : पंच्याहत्तर वर्षांनंतरही निर्वासित कसे?

बर्लिनवासी :
‘इतकी वर्षे लेबनॉनमध्ये काढूनही पॅलेस्टिनी तरुण निर्वासित म्हणवतात, कारण त्यांना सवलती हव्या असतात,’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. तिथे नागरिकत्व बापाकडून येते. आई लेबनीज असली तरी पॅलेस्टिनी बापाचा मुलगा परकाच राहतो, वकिली शिकला तरी त्याला सनद मिळत नाही आणि २००१च्या कायद्यामुळे घरही नावावर करता येत नाही. माझ्या शेजारचा तेवीस वर्षांचा मुलगा तिथूनच आला आहे. त्याच्या ‘डुल्डुंग’ या जर्मन सरकारी कागदावर लाल तिरपी रेघ आहे आणि राष्ट्रीयत्वापुढे ‘अस्पष्ट’ असे छापले आहे. हा मुक्कामाचा परवाना नव्हे. हद्दपारी तूर्त थांबवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सांगलीकर काका :
ते विधान माझेच आहे. कागदांचा जाच आम्हीही सोसला आहे. कुवेतमध्ये इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला की माझी झोप उडत असे, पण मी गळा काढला नाही. शिवाय भाऊ म्हणवणारे अरब देश त्यांना नागरिकत्व का देत नाहीत, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे.

नीलिमा :
काका, जॉर्डनने अनेकांना नागरिकत्व दिले. मात्र १९६७मध्ये गाझाहून आलेल्यांना तात्पुरत्या पासपोर्टवर ठेवले आणि त्यांची नातवंडे आजही जेराशच्या छावणीत त्यावरच आहेत. राहिला आपला कुवेत. १९९०मध्ये इराकने तो बळकावल्यावर आपण परत कसे आलात?

सांगलीकर काका :
अम्मानहून, एअर इंडियाच्या विमानाने. विषय धाग्याचा आहे, माझ्या प्रवासाचा नाही.

नीलिमा :
आपणच तो काढलात! आपल्याला परत न्यायला एक देश होता. त्याच कुवेतमधून युद्धानंतर लाखो पॅलेस्टिनींना निघावे लागले, त्यांना कोणी विमान पाठवले?

सांगलीकर काका :
आवाज चढवू नये. आमच्या कचेरीतला हिशेबनीस गाझाचा होता आणि त्याच्याजवळ इजिप्तचे प्रवासपत्र होते, परंतु त्या कागदावर इजिप्त त्याला आत घेत नसे. मी निघालो त्या दिवशी त्याने माझी पेटी बसपर्यंत उचलून आणली आणि ‘तुला तुझे गाव आहे’ एवढेच म्हणाला. तेव्हा ‘सवलती’ हा शब्द मी मागे घेतो, ताई, आपला विजय झाला असे समजा. अरब सरकारांवरचा माझा राग मात्र तसाच राहील.

बर्लिनवासी :
तो राग माझ्या शेजाऱ्यालाही आहे, काका.