मदत हवी आहे: बायरला इंग्लिश मेल लिहिताना किती फॉर्मल राहायचं?

नमस्कार मंडळी,

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. द्राक्षाचा माल जास्त करून रॉटरडॅमला जातो, थोडा इंग्लंडला. ग्रेपनेटच्या (द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलच्या) एन्ट्र्या, फायटो (मालाला कीडरोग नसल्याचा दाखला), रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांचा अंश तपासल्याचा) हे सगळं हातात बसलंय, पण त्यासोबत जो चार ओळींचा मेल जातो ना तिथे गाडी अडते.

आमचे शेठ जुन्या वळणाचे, त्यांना मेलच्या सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर' आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लागतंच. इंग्लंडचा बायर मात्र 'हाय' लिहून डायरेक्ट मुद्द्यावर येतो आणि खाली 'चिअर्स' आणि नुसतं पहिलं नाव. आता मी 'डिअर सर'च लिहीत राहिले तर त्याला तुटक वाटेल का, आणि मीपण 'हाय' लिहिलं तर अगाऊपणा होईल का, माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा आहे हो.

आत्ताचंच सांगते, न्हावाशेव्याला जहाज लेट झालंय, कंटेनर दोन दिवस उशिरा चढणार. दोन मेल लिहून ठेवलेत. एक, 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द शिपमेंट हॅज बीन डिलेड'. दुसरा, 'आय ॲम अफ्रेड द शिपमेंट इज रनिंग टू डेज लेट, सॉरी अबाउट धिस'. पहिला वाचला की बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं, दुसरा फारच साधा वाटतो, आणि द्राक्षं रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, शून्य डिग्रीच्या आसपास असली तरी देठ सुकायला लागतातच, म्हणजे त्यांच्यासाठी दोन दिवस ही किरकोळ गोष्ट नाही. कुठला पाठवू? आणि उत्तर मागताना इकडे सगळे 'प्लीज रिव्हर्ट' लिहितात ते चालतं का?

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडहून, यूकेच्या क्लायंटचे मेल रोज बघतो. त्याने खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं म्हणजे तुम्हीही तेच वापरा असंच त्याचं म्हणणं असतं, तिकडे त्यात वय आणत नाहीत. नवीन बायर असेल तर 'डिअर मिस्टर' पुढे आडनाव आणि खाली 'काइंड रिगार्ड्स', एवढं पुरतं.

'डू द नीडफुल' मुळात ब्रिटिशांचंच, पण आता तिकडे जुनाट वाटतं. 'रिव्हर्ट' टाळाच, त्यांच्याकडे त्याचा अर्थ पुन्हा पहिल्या स्थितीला जाणं असा होतो. 'कुड यू लेट मी नो बाय फ्रायडे' लिहा, अदब पण राहते आणि वार पण कळतो. 'काइंडली' कधीकधी हुकूम सोडल्यासारखं वाटतं, 'कुड यू प्लीज' बरं. 'वुड यू माइंड सेंडिंग' असं विचारलंत आणि 'नॉट ॲट ऑल' उत्तर आलं तर तो हो म्हणतोय हां, घाबरू नका.

कंटेनरसाठी दुसराच मेल पाठवा, फक्त 'सॉरी अबाउट धिस' काढून 'आय ॲपॉलोजाइज फॉर द डिले' करा, कारण इथे त्याचा पैसा अडकलाय. आणि लगेच खाली जहाजाची नवीन तारीख द्या, ती नसेल तर कितीही गोड लिहा, तो फोन करणारच.

धागाकर्ती

खूप आभार दादा, तारीख टाकून लगेच पाठवते. शेठना 'नीडफुल' कसं सोडायला लावायचं तेवढं कोणी सांगा, सीसीमध्ये ते असतातच.